बिनफवारणीची मसूर

त्या हंगामात गावात ड्रोन आला आणि पंपवाल्याच्या पोटावर पाय आला. ती पंखांची भिंगरी एका सकाळी तळ्याकडच्या रानावर घरघरत फिरली आणि पंपवाल्याला ज्या कामाला दोन दिवस लागायचे ते चहा थंड व्हायच्या आत उरकून खाली उतरली. बांधावर गाव जमला होता. पंपवालाही होता, आणि पाठीवर पंप तसाच होता, कारण त्याच रानात त्याला बोलावणं होतं. मालकानं आदल्या दिवशी 'उद्या या' म्हटलं होतं आणि मग 'नका येऊ' म्हणायला तो विसरला होता.

"पंपवाले, तुम्हाला पंख कधी फुटणार?" कोणीतरी विचारलं.

सगळे हसले. तोही हसला. अशा वेळी हसलं नाही तर माणूस जास्तच केविलवाणा दिसतो.

पिकांवर औषध फवारणं हा त्याचा धंदा. स्वतःची जमीन नाही, दुसरं कसब नाही. दांडा मारून मारून त्याचा उजवा हात डाव्याहून जाड झाला होता, पट्ट्यानं एक खांदा खाली उतरला होता आणि बोटांची नखं पिवळी पडली होती. नाक तर कधीच कामातून गेलं होतं. दूध करपलं तरी ते त्याला धूर दिसल्यावर कळायचं. बायको होती तोवर ती ओरडायची, "अहो, तुम्ही चुलीपुढं बसून काय झोपा काढता?" आता ओरडणारं कोणी नव्हतं. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा शहरात होता, आणि दूध पंपवाला बहुतेक करपलेलंच प्यायचा.

ड्रोनला जिथं शिरता येत नाही तिथली तेवढी कामं त्याच्यासाठी उरली. वेलींच्या मांडवाखालची, झाडांच्या दाटीतली, विजेच्या तारांजवळची. म्हणजे जिथं माणसाला वाकून चालावं लागतं आणि फवारलेलं सगळं आपल्याच अंगावर गळतं, ती. दिवसभर मांडवाखाली वाकून तो घरी आला, पंप धुवायला बसला, आणि मुलाचा फोन आला.

"बाबा, आम्ही येतोय. चार दिवस राहू म्हणतोय."

पंपवाल्यानं ओले हात विजारीला पुसले आणि फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू त्या कानानं जास्त चांगलं ऐकू येणार होतं. लग्न झाल्यापासून ते एकदाच राहायला आले होते, आणि सूनबाईचं डोकं दुखलं म्हणून दुसऱ्याच दिवशी परत गेले होते.

"या की! विचारायचं काय त्यात?"

"तिला दिवस गेलेत. मागच्या वेळी तसं झालं ना, म्हणून इतके दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. आता चौथा लागलाय. तिलाच मोकळ्या हवेत यायचंय."

"छान झालं रे. फार छान झालं."

"फक्त एक आहे, बाबा. ती सध्या सेंद्रियच खाते. बिनफवारणीचं. डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, तिनंच ठरवलंय, आणि मागच्या वेळेनंतर मी तिला नाही म्हणू शकत नाही. तुम्हाला त्रास नको, आम्ही आमचं सगळं बांधून आणतो."

पंपवाल्याला तोंडात मारल्यासारखं झालं. "माझ्या घरी येताय की प्रवासाला निघालाय? घरी येताना कोणी शिदोरी आणतं का?"

"तसं नाही हो बाबा—"

"मी बघतो सगळं. मला कळत नाही होय काय फवारलेलं असतं आणि काय नसतं? मीच फवारतो ना!"

मुलगा हसला. "बरं, बरं. पण नक्की हं. तिला जरा जरी शंका आली तर ती उपाशी राहील, पण खाणार नाही."

फोन ठेवल्यावर पंपवाला तिथंच पंपाशेजारी बसून राहिला. आनंद एवढा झाला होता की सांगायला माणूस हवं होतं. त्यानं शेजारच्या वहिनीला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मुलानं इतके दिवस लपवलेली गोष्ट आपण एका घटकेत कुंपणापलीकडे टाकायची, हे बरं दिसलं नसतं. म्हणून आनंदही त्यानं एकट्यानंच केला.

*

सेंद्रिय पिकवणारं गावात एकच माणूस होतं. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांचं रान गावाच्या वरच्या अंगाला, चारी बाजूंनी उंच झुडपांचं कुंपण केलेलं. फाटकाशी छपराखाली, पुढं दोरी बांधून, त्या भाजी विकत. शहरातल्या गाड्या येत आणि भरून जात. गावातलं कोणी तिथं जात नसे, कारण तिथला भाव ऐकला की गावातल्या माणसाला हसू येई.

पंपवाला कामावरून परस्पर तिकडे गेला. बाईंनी त्याला लांबूनच पाहिलं आणि हात वर केला.

"तिथंच! तिथंच थांबा, पंपवाले. दोरीच्या आत येऊ नका."

तो थांबला. छपराखाली एक गाडीवालं जोडपं भाजी निवडत होतं. दोघांनी वळून पाहिलं.

"पंप आणलेला नाही, बाई."

"कपडे आणलेत ना अंगावर? तसं मनाला लावून घेऊ नका. पण इथं लोक याच गोष्टीचे पैसे देतात."

बाई बोलायला तिखट होत्या, पण खोट्या नव्हत्या. त्यानं मनाला लावून घेतलं नाही असं दाखवलं आणि दोरीपलीकडून भाव विचारत उभा राहिला. बाई एकेक वस्तू वर धरून भाव सांगत, तो मान हलवी. पालक, टोमॅटो, मिरची, फ्लॉवर, कांदा, भोपळा, लसूण, मसूर, दूध. सगळं घ्यायचं म्हटलं तर त्याची दोन आठवड्यांची मजुरी गेली असती, आणि मजुरी आता आठवड्यातून तीन दिवसच मिळत होती. निवडायलाच लागणार होतं.

निवडायची त्याची रीत अशी की कोणाच्या पिकावर आपण किती वेळा गेलो, ते तो आठवत गेला. पालक? पालकावर आपण गेलो की पान न् पान भिजवतो, आणि तेच पान माणूस खातो. म्हणजे पालक बाईंकडचाच. टोमॅटोवर रोपापासून तोडणीपर्यंत आपण सारखे चढलेले, तोही इथलाच. मिरचीचं तर नावच नको. कांदा जमिनीत असतो, वरची साल निघून जाते, तो बाजारातला चालेल. लसूण तसाच. भोपळ्याची साल जाड, आणि भोपळ्यावर फवारण्याइतके पैसे गावात कोणाकडे नाहीत. दूध मात्र इथलं, कारण बाजारातलं दूध कुठल्या गाईचं आणि तिनं कुठल्या बांधावरचं गवत खाल्लं कोण सांगणार. फ्लॉवर मुलाला आवडतो. पण बाईंचा फ्लॉवर मुठीएवढा आणि भाव पाहिला तर भोवळ यावी.

"जरा तो फ्लॉवर दाखवता?"

बाईंनी गड्डा दोरीवरून पुढे केला. आत एक हिरवी अळी आरामात पसरली होती. पंपवाल्याचा उजवा हात आपोआप वरखाली व्हायला लागला, जणू दांडा हातात होता. गाडीवाल्या बाईनं ते पाहिलं आणि ती नवऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलून हसली.

"अळीचे पैसे वेगळे लावत नाही मी," बाई म्हणाल्या.

"एक लागेल. लहानसा."

"आणि मसूर? पोटुशा बाईला मसूर चांगली."

त्यानं चमकून पाहिलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"जन्मभर औषधं फवारणारा माणूस माझ्या दारात येऊन पालक मागतो, तो स्वतःसाठी नक्कीच नाही. सून ना? बरं झालं. मसूर घ्या. गेल्या हंगामाची आहे, मी स्वतः वाळवलीय. महाग आहे हे खरं."

मसूर खरंच महाग होती. भाजी तो ते यायच्या आदल्या दिवशी आणि दूध त्याच सकाळी नेणार होता, पण मसूर उरते की नाही याची खात्री नव्हती. खिशात होते ते सगळे देऊन त्यानं ती तेवढी उचलली. बाईंनी पिशवी दोरीवर ठेवली आणि हात मागे घेतला, मग त्यानं ती घेतली.

"एक ध्यानात ठेवा," बाई मागून म्हणाल्या. "यात कसलीही पावडर घातलेली नाही. उघडी राहिली तर कीड धरेल. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा."

"ठेवतो की."

*

भाजीचे पैसे उभे करायला त्याला आणखी फवारणी करावी लागली. यातली गंमत त्याच्याही लक्षात आली, नाही असं नाही. मांडवाखाली वाकून चालताना मानेवर औषध ठिबकत होतं आणि तो मनात म्हणत होता, हा थेंब पालकाचा, हा दुधाचा. मालकानं विचारलं, "आज फार उत्साहात दिसताय?" तर म्हणाला, "पाहुणे यायचेत." कोण, कधी, काही नाही. मालकालाही ऐकायला वेळ नव्हता.

घर त्यानं धुऊन काढलं. पंप, नळ्या, बूट, फवारणीचे कपडे, अर्धवट औषधाच्या बाटल्या, सगळं उचलून वहिनीच्या गोठ्यामागच्या खोपटात नेऊन ठेवलं. भिंतींना चुना दिला. अंथरुणं दोन दिवस उन्हात टाकली. आणि मग वहिनीला बोलावून दारात उभं केलं.

"वहिनी, आत या. वास येतो का सांगा."

वहिनी आत आली. नाक वर करून चारी कोपरे फिरली. "कसला वास, भावोजी?"

"औषधाचा."

"मला तर काही येत नाही बाई. चुन्याचा येतो."

"नक्की?"

"आमच्या घरात तरी दुसरा कसला वास असतो? तुम्ही फवारता, आमचे हे फवारतात, अख्खा गाव फवारतो. कोणाला काय वेगळं कळणार!" ती हसली. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "कोण येतंय एवढं?"

"मुलगा आणि सून. सहज."

"सहज कोणी भिंतींना चुना देत नाही." पण तिनं पुढं विचारलं नाही, आणि तिचं विचारायचं राहिलं म्हणून पंपवाल्याला उलट वाईट वाटलं.

मसूर ठेवायची वेळ आली तेव्हा त्यानं घरातले सगळे डबे खाली काढले. पत्र्याच्या डब्याचं झाकण वाकडं होतं, त्यातून मुंगीच काय, उंदीरही गेला असता. स्टीलचा डबा होता, पण त्याचं झाकण चमचा घालून सहज निघायचं. घट्ट झाकणाचे म्हणाल तर पांढरे डबे, औषधाचे. जाड, आट्यांचं झाकण, शिवाय आतून रबराची चकती. पाणीसुद्धा सांडत नाही. औषध संपलं की गावात कोणी असा डबा टाकत नाही. राखेनं घासतात, सोड्याच्या पाण्यात भिजत घालतात, उन्हात ठेवतात, पुन्हा घासतात, आणि मग त्यात पीठ, तांदूळ, डाळी. त्यात कीड धरत नाही, याचं सगळ्या बायकांना कौतुक. फवारणाऱ्याच्या घरी तर अशा डब्यांना तोटा नाही. त्याची बायको आलेल्या-गेलेल्याला डबा द्यायची आणि त्या बदल्यात चार अंडी, पावशेर तूप घरात यायचं.

त्यातला सगळ्यात चांगला, सगळ्यात घट्ट डबा त्यानं निवडला. बायकोनं घासून घासून त्याच्यावरचं चित्र पार पुसट केलं होतं. तरीही त्यानं तो पुन्हा राखेनं घासला, गरम पाण्यानं विसळला, दिवसभर उन्हात वाळवला. मग आत मसूर ओतली, दोन्ही हातांनी झाकण आवळलं आणि डबा उलटा करून पाहिला. एक दाणा पडला नाही. त्याचा जीव भांड्यात पडला.

*

ते दोघं दुपारी आले. सूनबाईनं दारात पाऊल टाकलं आणि क्षणभर थांबून तोंडानं श्वास घेतला. पंपवाल्यानं ते पाहिलं. पण तिनं लगेच पदर कमरेला खोचला.

"बाबा, किती स्वच्छ ठेवलंय हो घर! तुमच्या मुलाला शिकवा जरा."

"त्याला त्याच्या आईनं बिघडवलाय."

"सगळे बाबा हेच म्हणतात," ती म्हणाली, आणि तिघंही हसले. त्या घरात एका वेळी तीन माणसं हसली असं फार दिवसांनी झालं होतं.

त्यानं तिला एकेक भाजी दाखवली. पालक बाईंचा, टोमॅटो बाईंचे, मिरच्या मोजून चार, दूध सकाळी स्वतः जाऊन आणलेलं. कांदा आणि भोपळा बाजारातला, पण का ते त्यानं समजावून सांगितलं. ती जमिनीवर बसून सगळं लक्ष देऊन ऐकत होती. शहरात तीही असंच करते, म्हणाली. सगळं सेंद्रिय परवडत नाही. दुकानात अर्धा तास उभी राहते, हे उचलते, ते ठेवते, मागचा माणूस वैतागतो. "मला वाटायचं मी एकटीच वेडी आहे."

"मला दोरीपलीकडे उभं केलं होतं," पंपवाला म्हणाला. हे तो कोणालाच सांगणार नव्हता. पण ती हसेल असं त्याला वाटलं, आणि ती हसली नाही.

"माझ्यासाठी?" तिनं विचारलं.

तो फ्लॉवरमधली अळी शोधायला लागला.

स्वयंपाक तिनंच केला. सकाळीच त्यानं पातेल्यात मसूर काढून भिजत घातली होती. ती तिनं शिजवली, पालक परतला, भात लावला. मुलगा लहानपणीसारखा चुलीभोवती घुटमळत होता. पंपवाला दारात बसून नुसता बघत होता. बायको गेल्यानंतर पहिल्यांदा चुलीपुढं दुसऱ्या कोणाचा हात फिरत होता. ते बघत राहावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी उठून बाहेर जावंसंही वाटत होतं.

ती पोटभर जेवली. मसुरीची आमटी तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतली, मग तिसऱ्यांदा. "काय चव आहे हो! गावाकडची गोष्टच वेगळी. मला तर आज पहिल्यांदाच धड भूक लागली."

सुनेला कुठं ठेवू आणि कुठं नको असं पंपवाल्याला झालं. "अगं, आहे ना अजून! सगळी तुलाच आणलीय. जाताना घेऊन जा." आणि ताटावरून उठून, उष्ट्या हातानंच, त्यानं फळीवरचा पांढरा डबा काढून तिच्यापुढं ठेवला. "बघ. एक दाणा किडलेला नाही."

मुलाचा घास हातातच राहिला.

तो शहरात गेला तेव्हा त्याला या डब्यात काही वावगं दिसलं नसतं. पण आता तो शहरात राहून आलेला होता. त्यानं डबा उचलला, फिरवला. चित्र पुसलं गेलं होतं, पण प्लास्टिकमध्येच उठवलेली अक्षरं कशी पुसणार? त्यानं त्यावर अंगठा फिरवला.

"बाबा, मसूर यात होती?"

"हो. बाईच म्हणाल्या घट्ट झाकणाच्या—"

"हा औषधाचा डबा आहे."

"होता. धुतलाय रे. राखेनं, गरम पाण्यानं. उन्हात—"

"बाबा, औषधाचा डबा आहे हा!"

सूनबाई उठली. ती मागच्या दारानं बाहेर गेली आणि बोटं घशात घातल्याचा आवाज आला. मुलगा धावला. पंपवाला ताटांसमोर उभा राहिला. उष्टा हात वाळत चालला होता.

मुलगा परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "एवढं सांगून! एकच गोष्ट सांगितली होती तुम्हाला!"

"अरे, गावात सगळ्यांच्या घरी हेच डबे आहेत," पंपवाला म्हणाला. त्याचा आवाज चढला, कारण तो घाबरला होता. "तुझ्या आईनं जन्मभर याच डब्यांत पीठमीठ ठेवलं. याच डब्यांतलं खाल्लं. काय झालं तिला?"

आणि तो थांबला.

मुलाच्या आधी दोन गेली होती. एक तिसऱ्या महिन्यात, एक जवळजवळ पूर्ण भरून. मुलाला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाच्या बायका असलं बोलत नसत आणि पुरुष तर त्याहून नाही. दुसऱ्या वेळी बायको भिंतीकडे तोंड करून पडून होती आणि तो कामावर गेला होता, कारण हंगाम होता. त्या घरात तेव्हाही हेच डबे होते. डब्यांमुळे झालं की त्याच्या कपड्यांमुळे, की कशामुळेच नाही, हे आता कोण सांगणार? तिला विचारता येत नव्हतं. मुलाला सांगता येत नव्हतं. आज बाहेर जी ओकत होती तिला तर नाहीच नाही. ही एवढी मोठी गोष्ट जगात आता त्याला एकट्यालाच माहीत होती.

"काय झालं तिला?" मुलगा रागानं म्हणाला. "आई गेली, बाबा. अजून काय व्हायचं?"

*

मुलानं शहरातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, एका जेवणानं बहुधा काही होणार नाही, पण घेऊन या, बघू. संध्याकाळच्या गाडीनं जायचं ठरलं. पिशव्या उघडल्याच नव्हत्या, त्या तशाच उचलल्या.

सूनबाई दारात थांबली. तिचे डोळे लाल होते. "बाबा, तुमची काही चूक नाही. तुम्ही माझ्यासाठी किती केलंत."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. त्यानं तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, पिवळ्या नखांकडे त्याचं लक्ष गेलं, आणि त्यानं तोच हात पिशवी उचलायला वळवला. पिशवी मुलानं आधीच घेतली होती.

गाडीच्या थांब्यापर्यंत तो त्यांच्या मागून चालत गेला. गाडी दिसल्यावर मुलगा जवळ आला. राग उतरला होता, आणि रागापेक्षा ते जास्त अवघड होतं.

"बाळ झालं की तुम्हीच या आमच्याकडे, बाबा. आम्हाला इकडं यायला जमेलसं वाटत नाही."

"येईन की."

"नवे कपडे मी घेऊन ठेवतो तिकडं. इथले आणू नका."

"नाही आणत."

दुसऱ्या दिवशी पंपवाल्यानं घरातले सगळे पांढरे डबे अंगणात आणले. पीठ एका चादरीवर, तांदूळ दुसऱ्या चादरीवर ओतले. मग पहार घेऊन एकेका डब्याच्या बुडाला भोक पाडायला बसला. जाड प्लास्टिक होतं, पहार सटकत होती. आवाज ऐकून वहिनी कुंपणाशी आली.

"अहो भावोजी, काय करता? चांगले डबे! नको असतील तर मला द्या की."

"नाही देत."

"का? मी काय फुकट मागते? अंडी देते."

"वहिनी, यांत काही ठेवू नका. तुमच्याकडचेही फोडा."

"का पण?"

का, ते सांगायचं म्हणजे सूनबाईचं सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायला तोंड उघडलं की त्याच्यामागून बायकोचंही आलं असतं. त्यानं मान खाली घालून पहार मारली. "चांगले नसतात."

"तुमच्या बायकोनंच दिलेत ते मला! तिच्या हातचे चांगले, आणि तुमचे नाहीत होय?" वहिनीचं तोंड लाल झालं. "फोडून टाकाल पण शेजाऱ्याला देणार नाही. धन्य आहे." ती आत गेली, आणि संध्याकाळी तिनं त्याचा पंप, नळ्या, बाटल्या, सगळं खोपटातून आणून त्याच्या दारात ठेवलं.

घरात धान्य ठेवायला काही उरलं नाही. चादरींवरच्या तांदळाला रात्री उंदीर लागले.

पुढच्या आठवड्यात तो वांग्याच्या रानात कामाला होता. तारांखालचा तुकडा, ड्रोनच्या भानगडीबाहेरचा. दुपारी फोन वाजला. तोंडावरचं फडकं खाली ओढून त्यानं तो कानाला लावला.

"तपासणी झाली, बाबा. सगळं नीट आहे. बाळाचे ठोके ऐकले आम्ही."

"ऐकले? कसे रे?"

"जोरात. फार जोरात. ही म्हणाली, बाबांना आधी सांग." मुलाचा आवाज मऊ झाला होता. "जेवलात का?"

"जेवलो."

तो जेवला नव्हता. फोन बंद झाला तेव्हा त्यानं आजूबाजूला पाहिलं. रानात कोणी नव्हतं. मालक आला तो टाकी किती उरली ते विचारायला. पंपवाला म्हणाला, "नातवंडाचे ठोके—" आणि मालक म्हणाला, "त्या कडेच्या दोन सऱ्या राहिल्यात, वाऱ्याच्या आधी उरका." कडेच्या सऱ्या त्यानं उरकल्या. निघताना मालकानं बांधावरून हाक मारली, "चार वांगी घेऊन जा, पंपवाले. आज तोडलीत." ती तोडलेली सरी सकाळी त्यानंच फवारली होती. अशा वेळी तो मालकाला नेहमी बजावायचा, आठवडाभर हात लावू नका. आज तो काही बोलला नाही. चार वांगी त्यानं टोपीत घातली.

घराशी आला तेव्हा वहिनी अंगणात धुणं वाळत घालत होती. तो कुंपणापाशी थांबला. सांगावं असं फार वाटलं. तिनं ओली चादर झटकून दोरीवर अशी टाकली की मध्ये पडदाच झाला. थोडा वेळ तो त्या चादरीकडे बघत उभा राहिला, मग आत गेला.

वांगी धुवायला त्यानं तांब्यात पाणी घेतलं. मग ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं, आणि वांगी तशीच चिरली.